फ्रेमबाहेरची माणसं

या फिल्म्सचा एक ठरलेला फंडा असतो. कॅमेरा लांबलचक काँक्रीटच्या भिंतीवरून हळूहळू सरकत जातो. मागे पियानो. मग काचेची भिंत, काचेपलीकडे झाड, झाडाखाली एक खुर्ची आणि खुर्चीत कुणीच नाही. मग काळ्या गोल चष्म्याचे एखादे आजोबा येतात आणि प्रकाशाबद्दल काहीतरी गहन बोलून जातात. दोरीवर टॉवेल नाही, डायनिंग टेबलवर लोणच्याची बरणी नाही, सोफ्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे नाहीत. तासाभरात आपल्याला आपला टू बीएचके विकून टाकावासा वाटतो.

मी या फिल्म्सची पक्की ॲडिक्ट आहे. आर्किटेक्चरशी माझा संबंध शून्य. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. पण शुक्रवारी रात्री लेक झोपली की मला गेल्या शतकाच्या मधल्या दशकांतले आर्किटेक्ट लागतात. त्यांची काचेची घरं लागतात. फर्निचरच्या शोरूममध्ये हल्ली तिरक्या बारीक पायांचा प्रत्येक सोफा ‘मिड-सेंच्युरी’ म्हणून ईएमआयवर विकतात ना, तो प्रकार मुळात जिथून आला ती ही मंडळी.

बऱ्याच फिल्म्स बघून झाल्यावर माझं एक मत बनलंय. यातल्या निम्म्या फिल्म्स म्हणजे सव्वा तासाचं ब्रोशर असतं. उरलेल्या निम्म्या भन्नाट. फरक एवढाच, की भन्नाट फिल्ममध्ये कुणीतरी कॅमेरा वळवतं आणि फ्रेमच्या बाहेर उभ्या माणसाला विचारतं, तुमचं काय?

उदाहरणार्थ ‘व्हिज्युअल अकूस्टिक्स’. २००८ ची फिल्म, ज्युलियस शुलमन या फोटोग्राफरवरची. त्यांचा १९६० चा एक फोटो तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. लॉस एंजेलिसच्या दिव्यांवर तरंगणारी काचेची खोली आणि आत छान कपड्यांत गप्पा मारणाऱ्या दोन मुली. जगाने तो फोटो बघून ‘असं जगायचं’ हे ठरवून टाकलं. गंमत म्हणजे त्या मुली त्या घरच्या नव्हत्याच. फोटोसाठी आल्या होत्या! घरच्यांचा पत्ताच नाही.

किंवा ‘ईम्स: द आर्किटेक्ट अँड द पेंटर’, २०११ ची. चार्ल्स ईम्स आर्किटेक्ट, त्यांची बायको रे पेंटर. वाकवलेल्या प्लायवूडच्या त्यांच्या खुर्च्यांच्या नकला आज आपल्या कॅफेंमध्ये पडलेल्या असतात. हे दोघं १९५८ मध्ये भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आले होते. त्यांनी लिहिलेल्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल, तर आपल्या साध्या लोट्याचं. त्या अहवालातूनच १९६१ मध्ये अहमदाबादचं एनआयडी उभं राहिलं. पण फिल्ममधलं मला आठवतं ते वेगळंच. १९५६ मधल्या एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाची क्लिप आहे. दोघं नवी लाउंज चेअर दाखवायला आलेत. निवेदिका चार्ल्सना डिझायनर म्हणून बोलतं करते आणि रे यांची ओळख नवऱ्याला मदत करणारी मिसेस म्हणून करून देते. रे नुसत्या हसतात. मीटिंगमध्ये आपला मुद्दा दुसऱ्याच्या नावाने मिनिट्समध्ये गेल्यावर बायका हसतात ना, अगदी तसं.

‘कूलहास हाउसलाइफ’ तर बघाच. जेमतेम तासाभराची. काळ अलीकडचा, पण त्या घराचे पूर्वज हेच. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रेम कूलहास यांनी १९९८ मध्ये पूर्ण केलेलं जगप्रसिद्ध घर आणि फिल्मची हिरॉइन कोण, तर तिथल्या कामवाल्या मावशी! बादली आणि व्हॅक्यूम क्लीनर घेऊन अरुंद गोल जिना चढताना त्यांची जी तारांबळ उडते, ती बघून माझ्या घरी काम करणाऱ्या ताई जाम खूश झाल्या. ‘घर बांधायच्या आधी आम्हाला विचारायचं,’ म्हणाल्या. मला हा मुद्दा एकदम पटला.

पण मला आज सांगायचंय ते ‘माय आर्किटेक्ट’बद्दल. २००३ ची फिल्म, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेली. लुई कान हे नाव तुमच्या परिचयाचं नसलं, तरी अहमदाबादच्या आयआयएमच्या विटांच्या त्या प्रचंड गोल कमानी तुम्ही पाहिल्याच असतील. त्या कानसाहेबांच्या. मार्च १९७४ मध्ये ते अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर, पुरुषांच्या स्वच्छतागृहात, हार्ट ॲटॅकने गेले. वय ७३. पासपोर्टवरचा घरचा पत्ता खोडलेला. त्यामुळे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या आर्किटेक्ट्सपैकी एक माणूस काही दिवस बेवारस पडून होता. डोक्यावर सुमारे ५ लाख डॉलर्सचं कर्ज. वर्तमानपत्रातल्या मृत्यूलेखात लिहिलं होतं, मागे पत्नी आणि एक मुलगी. प्रत्यक्षात तीन घरं होती. पत्नी आणि मुलगी. मग ॲन टिंग, स्वतः आर्किटेक्ट, त्यांच्या ऑफिसात काम करणारी, तिचीही मुलगी. आणि हॅरिएट पॅटिसन, लँडस्केप आर्किटेक्ट, तिचा मुलगा नॅथॅनियल. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मोठा झाल्यावर कॅमेरा घेऊन तो वडिलांना शोधायला निघतो, इमारतीमागून इमारत.

ही फिल्म मी आधी एकटीने पाहिली होती. या पावसाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते, बाहेर धो धो, टीव्हीवरच्या मालिकांचा आईला कंटाळा आलेला. म्हटलं, लावू या. मनात थोडं होतंही.

कारण माझे बाबा धरणावर होते. कृष्णा खोऱ्यातल्या एका धरणाच्या साइटवर इंजिनिअर. माझं सगळं लहानपण शनिवारी संध्याकाळच्या एसटीचं. बाबा यायचे, रविवारी आमच्या प्रगतिपुस्तकावर सही करायचे, गाढ झोपायचे आणि सोमवारी आम्ही उठायच्या आत गेलेले असायचे. सांडव्याचं काम चालू असलं की दोन-दोन शनिवार नाहीच. कुणाची तक्रार नव्हती. बाबा धरण बांधतायत, हे वाक्य घरात देवाच्या नावासारखं उच्चारलं जायचं. दहावीच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला भिंतीवर नेलं, खाली हिरव्या शिवाराकडे बोट दाखवलं. मला इतका अभिमान वाटला, की राग कुठे ठेवायचा तेच कळेना. तो अजून सापडलेला नाही.

तर फिल्म. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या अंगणात, समुद्राकडे तोंड करून, नॅथॅनियल एकटाच स्केट्स घालून गोल गोल फिरतो. बापाच्या काँक्रीटवर खेळणारा मोठ्ठा मुलगा. मी आईकडे पाहिलं. आई शेंगा सोलत होती. आय. एम. पेई यांच्यासारखे दिग्गज येऊन सांगतात, की पन्नास-साठ इमारतींपेक्षा तीन-चार अस्सल इमारती मोठ्या. आपले बाळकृष्ण दोशी येतात. १९२७ मध्ये पुण्यात जन्मले, १९६२ मध्ये कानना आयआयएमच्या कामासाठी त्यांनीच अहमदाबादेत आणलं आणि पुढे २०१८ चं प्रित्झकर पारितोषिक मिळवलं ते हे दोशी. आपल्या गुरूबद्दल बोलावं तसे ते कानबद्दल बोलतात. सगळे भारावलेले. आणि मधूनच त्या दोन बायका, आता म्हाताऱ्या झालेल्या, पोराच्या प्रश्नांना उत्तरं देताना. हॅरिएटला अजून वाटतं, की ते आपल्याकडेच कायमचे यायला निघाले होते, म्हणूनच पासपोर्टवरचा पत्ता खोडला होता.

आई एवढंच म्हणाली, ‘त्या पोराच्या शाळेची फी कोण भरायचं गं?’

मी थबकले. मी ही फिल्म आधी पाहिलेली, यावर किती लेख वाचलेले. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

शेवट ढाक्याला होतो. कान यांची संसदेची इमारत. कान गेले तेव्हा ती अर्धवट होती, १९८२-८३ च्या सुमारास पुरी झाली. पाण्यातून वर आलेली करडी काँक्रीट, भिंतींवर पांढऱ्या संगमरवराच्या आडव्या पट्ट्या. डोक्यावर घमेली घेतलेल्या मजुरांची जुनी दृश्यं आली आणि इतका वेळ डुलक्या काढणारे बाबा ताठ बसले. मागे न्यायला लावलं. ‘दर पाच फुटांवर पट्टी आहे बघ. एका वेळी तेवढंच काँक्रीट ओततात. जोड दिसतो, तो लपवायला संगमरवर घातलाय. आमची लिफ्ट दीड मीटरची, म्हणजे तेवढीच झाली.’ मी नंतर शोधलं. अगदी बरोबर निघालं. पहिल्यांदाच बाबा मला कामाबद्दल काहीतरी समजावत होते आणि मी पस्तिशीला आलेली!

मग तो प्रसिद्ध सीन. बांगलादेशचे आर्किटेक्ट शमसुल वारेस डोळ्यांत पाणी आणून नॅथॅनियलला सांगतात, की या माणसाने आमच्या गरीब देशाला लोकशाहीची वास्तू दिली. ज्याला सगळ्यांवर प्रेम करायचं असतं, त्याला कधी कधी जवळच्यांकडे बघायला होत नाही. समजून घे. जगभरचे प्रेक्षक इथे रडतात. पहिल्या वेळी मीही रडले होते.

या वेळी मला ते पटलं नाही. इमारत थोर आहे, वादच नाही. पण थोरपणाचं हे बिल कायम घरच्यांच्याच पत्त्यावर का येतं? शिवाय कानच्या बाबतीत निदान संसद आहे. आपल्याकडे रात्री दहाचा कॉल घेणारा प्रत्येक जण चेहरा असा करतो, की जणू ढाक्याला काँक्रीट ओतायचं राहिलंय. अरे, रिलीज आहे, दोन आठवड्यांनी पुढचं येईल!

बाबा बराच वेळ गप्प होते. मग आईकडे न बघता म्हणाले, ‘तुला क्वार्टर मिळत होतं साइटवर. शाळा नव्हती चांगली.’ आई म्हणाली, ‘माहितेय मला.’ आणि कुकर लावायला गेली. वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर मी ऐकलेलं हे पहिलं संभाषण. तीन वाक्यांचं.

माझ्यासमोर सध्या जर्मनीची अठरा महिन्यांची ऑनसाइट ऑफर आहे. प्रोजेक्ट खरंच सही आहे, असं काम परत मिळेल की नाही सांगता येत नाही. लेक चार वर्षांची. नवऱ्याची नोकरी इथे. सगळ्यात सोपा पर्याय, म्हणजे तिला साताऱ्याला आजी-आजोबांकडे ठेवायचं. मी अजून कुणाशी बोललेही नव्हते, पण आईला वास लागतो. निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, ‘जायचं तर जा. तिला घेऊन जा, मी तीन महिने येईन तिकडे, थंडी सोसेन. पण ठेवून जाऊ नकोस.’

बाबा खाली रिक्षा थांबवून उभे होते. हाक मारून विचारत होते, त्या ढाक्याच्या इमारतीचे ड्रॉइंग्ज कुठे बघायला मिळतील का.