उसने भिंग

माझ्या भाच्याने २०२३ च्या उन्हाळ्यात परदेशातून येताना मला एक कॅमेरा आणला, तो आंधळा. म्हणजे यंत्र ठणठणीत. पण पुढचे भिंग पडून फुटलेले. फुटके होते म्हणूनच ते त्याला परवडले. "मामा, भिंगाचं तेवढं तुम्ही बघा," असे म्हणून तो मोकळा झाला. भाचे असेच असतात. हत्ती भेट देतात आणि चारा मामाने शोधायचा!

कॅमेऱ्याचे नाव हॅसलब्लाड एक्सपॅन. नाव स्वीडनचे, जन्म जपानचा. फुजी कंपनीने तो बनवला, १९९८ मध्ये तो बाजारात आला, आणि खुद्द जपानात तो फुजी टीएक्स-१ या नावाने विकला गेला. २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. फिल्म त्याला आपली नेहमीचीच लागते, ३५ मिलिमीटरची. पण नेहमीचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे असते, तर याचे २४ बाय ६५. पंगतीसारखे आडवे आणि लांबच लांब! छत्तीस चित्रांच्या रिळात याची एकवीसच बसतात. आणखी एक खोड मला फार आवडली. रीळ घातले की हा आधी सगळी फिल्म बाहेर ओढून घेतो आणि काढलेले एकेक चित्र परत डबीत नेऊन ठेवतो. झाकण चुकून उघडले, तरी झालेली चित्रे आपापल्या घरी सुखरूप.

असा कॅमेरा मला हवाच होता, आणि त्याला कारण आमचा वाडा. छत्तीस फुटांची दर्शनी बाजू, मधे दिंडीदरवाजा, दोन्ही अंगांना ओटे. दिवाळीनंतर तो पाडायचे ठरले होते. मोबाइलमधून त्याचे फोटो पुष्कळ निघाले. पण प्रत्येकात वाड्यापेक्षा आभाळ आणि रस्त्यावरची धूळच जास्त. मला वाडा हवा होता, फक्त वाडा, आणि त्याच्या ओट्यावर आई.

कॅमेऱ्याच्या मूळ भिंगाची किंमत ऐकून मी तो विचार शाळेच्या पायरीवरच सोडून दिला. तेव्हा उरला मार्ग उसनवारीचा. पण कुणाचेही भिंग कुणालाही बसत नाही. भिंग फिल्मवर जे चित्र पाडते ते असते गोल, भाकरीसारखे. त्यातून आपण चौकोनी तुकडा कापून घेतो. साध्या कॅमेऱ्याच्या तुकड्याचा कर्ण ४३ मिलिमीटर, एक्सपॅनचा ६९. साध्या कॅमेऱ्याचे भिंग लावले, तर पट्टीची दोन्ही टोके भाकरीबाहेर राहतात, म्हणजे काळी पडतात. म्हणून भिंग हवे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याचे. आमच्या गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद पडला होता. त्याच्या मालकांकडे लग्नसराईत राबलेल्या मामिया ६४५ चे ८० मिलिमीटरचे भिंग होते. त्याची भाकरी ७० मिलिमीटरची. जेमतेम, पण पुरते. "न्या मास्तर, मुलीच्या मुलाचं खेळणं झालंय ते," असे म्हणून त्यांनी ते कापडात गुंडाळून दिले, वर त्याच मामियाची एक जोडनळीही दिली.

आता प्रश्न अंतराचा. भिंग ज्या कड्यावर टेकते ते कडे फिल्मपासून किती दूर असावे, हे प्रत्येक जातीच्या कॅमेऱ्याचे ठरलेले असते. मामियाचे ६३.३ मिलिमीटर, एक्सपॅनचे ३४.२७. मधे २९ मिलिमीटरचे एक पोकळ कडे घातले की झाले. (उलट असते, तर भिंग कॅमेऱ्याच्या पोटात खुपसावे लागले असते आणि सगळेच मुसळ केरात!) पुढची खाच मामियाच्या जोडनळीची घ्यायची, मागची खाच त्या फुटक्या भिंगाची काढायची. मूळ मालकाचे एवढे तरी जिवंत राहावे.

एका रविवारी सगळे सामान घेऊन एस.टी.ने कोल्हापूर गाठले आणि उद्यमनगरात एका टर्नरपुढे उभा राहिलो. मी दिलेले माप वाचून त्याने माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, ह्यो तुकडा कशानं मोजलायसा?"

"पट्टीनं."

"कंपासपेटीतल्या?" त्याने लेथ बंद केले. "हितं दशांश चिन्हाच्या पुढचं बोलत्यात."

वर्गात व्हर्नियरचे धडे देणारा मी. माझे कान लाल झाले. तो बरोबर होता. ८० मिलिमीटरच्या या भिंगाला कडे अर्ध्या मिलिमीटरने जाड झाले, तर तेरा मीटरांपलीकडचे काहीच नीट रेखीव येत नाही. त्याने मायक्रोमीटर काढला, सगळे पुन्हा मोजले, आणि संध्याकाळच्या गाडीच्या आत कडे हातात दिले. घरी आल्यावर कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवला, शटर उघडे धरले आणि भिंग अनंतावर लावले. दूरच्या देवळाचा कळस कागदावर उलटा, पण सुईसारखा उमटला. आई म्हणाली, "देऊळ उलटं टांगलंस होय रे?"

तरी कॅमेरा अजून अर्धा आंधळाच होता. या जातीच्या कॅमेऱ्यात खिडकीतून पाहिले की मधे एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवीत त्या एकावर एक आणल्या की अंतर जुळले. आतला एक लहानसा दांडा भिंगाच्या पाठीला टेकून ही बातमी खिडकीपर्यंत पोहोचवतो. उसन्या भिंगाची पाठ त्या दांड्याला लागतच नव्हती. भिंग कितीही फिरवा, दोन प्रतिमा जागच्या हलायला तयार नाहीत. शिवाय खिडकीतली चौकट मूळच्या ४५ मिलिमीटरच्या भिंगाची, म्हणजे तीही खोटी. चौकटीचा तोडगा मला गणिताने दिला. पोस्टकार्डात ६५ बाय २४ मिलिमीटरची खिडकी कापायची आणि डोळ्यापासून ८० मिलिमीटरवर धरायची. त्यातून जेवढे दिसेल तेवढेच चित्रात येणार. समरूप त्रिकोण माझ्या इतक्या उपयोगी पडतील असे मला वीस वर्षे शिकवूनही वाटले नव्हते.

ते पोस्टकार्ड घेऊन मी रस्त्यावर उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आले की वाडा मावत नाही. मूळ भिंगाला पंचवीस फूट पुरले असते. रस्ता अठ्ठावीस फुटांचा आहे. या भिंगाला हवेत शेहेचाळीस. रस्ता ओलांडून आणखी अठरा फूट मागे जायचे, म्हणजे थेट समोरच्या घराच्या पडवीत. आणि समोरचे घर अण्णांचे.

अण्णा माझे धाकटे चुलते. आयुष्यभर जमिनीची मोजणी करण्यात गेलेला माणूस. २०१२ मध्ये वाटणी झाली तेव्हा त्यांनी स्वतःची टेप आणून वाड्याचे मधोमध माप घेतले होते. परसातला आड कुणाच्या बाजूला पडतो यावरून जे बोलणे झाले ते मी इथे लिहीत नाही. अण्णांनी समोर घर बांधले. वडील गेले तेव्हा ते स्मशानात आले होते. वाड्याची पायरी मात्र त्यानंतरही चढले नाहीत. अकरा वर्षे रस्त्याच्या दोन बाजूंना दोन आकाशकंदील लागत आणि दोन्ही घरांतली माणसे आपापल्या कंदिलाकडेच पाहत.

दोन दिवस मी टाळाटाळ केली. भाऊबीजेच्या सकाळी मात्र वाड्यावर असे ऊन आले होते की राहवेना. अण्णा पडवीत वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"अण्णा, इथून फोटो काढायचा आहे. वाड्याचा."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "इथूनच का?"

मी भिंग, कडे, दांडा, सगळे सांगितले. वाडा हा शब्द मी जपून वापरीत होतो. ते मात्र कॅमेराच उलटसुलट करून पाहत होते. "म्हणजे अंतर मोजून लावायचं म्हण की! माप कुठून धरतात?" मी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फिल्मची खूण दाखवली. अण्णा आत गेले आणि चामड्याच्या खोळीतली टेप घेऊन आले. ती टेप मी ओळखली.

"शून्य तू धर, खुणेला," ते म्हणाले. मला वाटले, दुसरे टोक न्यायला ते कुणा पोराला हाक मारतील. पण मोजणीचे टोक दुसऱ्याच्या हाती देणे त्यांच्या रक्तात नव्हते. टेप उलगडीत ते पडवी उतरले, एक स्कूटर हाताने थांबवून रस्ता ओलांडला आणि थेट आमच्या ओट्याशी गेले. आई ओट्यावर बसली होती. एवढ्या लांबून ऐकू येऊ नये, पण सकाळ शांत होती.

"वहिनी, पाय जरा मागे घ्या."

आईने पाय घेतले. "भावजी, चहा टाकू?"

"आधी माप होऊ द्या." ते पायरी चढून वाकले, टेप जोत्याच्या दगडाला लावली आणि ओरडले, "शेहेचाळीस फूट तीन इंच!"

चौदा मीटर आणि वर थोडे. भिंगावर आकडा लावला, छिद्र आठावर आणले आणि अण्णा सरळ व्हायच्या आत पहिला खटका दाबला. मग सगळ्यांना नीट उभे करून आणखी पाच चित्रे काढली. अण्णा त्यांत नाहीत. ते चहा उभ्यानेच पिऊन आले होते आणि माझ्यामागे राहून कॅमेरा ओळंब्यात आहे की नाही ते पाहत होते.

जानेवारी २०२४ मध्ये वाडा पाडला. आडाचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आईने छापून घेतले ते पहिलेच चित्र. त्यात अण्णांचा चेहरा दिसत नाही, नुसती वाकलेली पाठ. आणि ओट्यापासून रस्त्यावरून थेट पाहणाऱ्याच्या छातीपर्यंत येणारी टेपची पांढरी रेघ, जवळ येता येता धूसर झालेली. एक प्रत मी अण्णांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा बदलला, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी मागवली, दिंडीदरवाजावर धरली आणि पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला.

"सात फूट दोन इंच," ते म्हणाले. "दादा नेहमी सात म्हणायचा."