बेरजेतला हातचा

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या भूजलाचं गणित मांडायचं तर सगळा जीव एका वजाबाकीत असतो. पावसाचं मुरलेलं पाणी वजा संत्र्याच्या बागांसाठी उपसलेलं पाणी. दोन्ही आकडे अवाढव्य, फरक जेमतेम. पण विहिरीची पातळी चढणार की उतरणार हे तो फरकच ठरवतो. म्हणून संगणकावर ही बेरीज-वजाबाकी मी कंपायलरच्या मर्जीवर सोडत नाही.

‘डबल’ संख्येत पंधरा-सोळा अंकच धड टिकतात. 1 वर सोळा शून्यं, एवढ्या संख्येत 1 मिळवला तरी ती तसूभर हलत नाही; तिथे शेजारच्या दोन संख्यांतच 2 चं अंतर असतं. मग तीच मोठी संख्या वजा केली की उरतं शून्य. तेच आधी वजाबाकी केली आणि मग 1 मिळवला, तर उरतो 1. शाळेतला साहचर्य गुणधर्म इथे चालत नाही.

यावर विल्यम काहान यांनी 1965 मध्ये सुरेख तोड सुचवली. दर बेरजेत गळणारा अंश वेगळा जपायचा आणि पुढच्या पदात वळता करायचा, पाटीवर हातचा धरतात तसा. नवी बेरीज, त्यातून जुनी वजा, त्यातून मिळवलेलं पद वजा. कागदावर याचं उत्तर शून्यच. यंत्रात मात्र उरतो, उलट्या चिन्हाने, गळलेला अंश. जीसीसी या कंपायलरला ‘फास्ट-मॅथ’ या पर्यायाची मुभा दिली की तो कागदाचं बीजगणित लावतो, हे शून्यच आहे असं ठरवतो आणि हातचा पुसून टाकतो. कसलीही सूचना येत नाही. वेग वाढवणाऱ्या साध्या ‘ओ-थ्री’ पर्यायावर तो हे करत नाही, हेही सांगायला हवं; परवानगी आपणच देतो, बहुधा वेगाच्या हव्यासापायी.

हे गणित किती जपलं गेलं, ते पाहा. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला, तो इन्मॉसच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. त्यातल्या टी-800 चिपचं अपूर्णांकांचं गणित 1985 च्या आयट्रिपलई 754 मानकाला धरून आहे की नाही, हे ऑक्सफर्डच्या मदतीने गणिती सिद्धतेने तपासलं गेलं होतं. त्या मानकामागेही काहानच. इतक्या निगुतीने जपलेलं गणित कंपायलरच्या एका पर्यायाने मोडावं, हे मला पटत नाही.

आमच्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या संस्थापकाच्या आठवणी, म्हणजे लीळा, जमवल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून. पुढे पोथ्यांत फरक पडले, तेव्हा महानुभावांनी हिराइसेचा पाठ कोणता, दुसऱ्याचा कोणता, हे नावानिशी राखलं. मीही प्रत्येक निकालाच्या माथ्यावर कंपायलरची आवृत्ती आणि त्याला दिलेले सगळे पर्याय लिहितो. बेरजेची फाइल वेगळी ठेवतो आणि तिच्यापुरतं ‘फास्ट-मॅथ’ बंद करतो. तरुण सहकारी वेळेचं कारण पुढे करतात, तेव्हा त्यांना प्रोफाइलर चालवायला सांगतो. अशा भूजल-मॉडेलचा बहुतेक वेळ समीकरणं सोडवण्यात जातो. ताळेबंदाच्या बेरजेला लागणारा वेळ त्यापुढे अगदीच किरकोळ.