जून आणि पिकलेलें

फळांच्या बाबतींत मराठी भाषेनें एक सूक्ष्म भेद फार पूर्वींच करून ठेवला आहे. जें फळ वाढून पूर्ण झालें, पण अजून हिरवें आणि कठीण आहे, त्याला आपण 'जून' म्हणतों. आणि जें मऊ, गोड व सुवासिक झालें, त्याला 'पिकलेलें'. 'कच्चें' हा तिसरा शब्द मात्र मोठा फसवा आहे. कोवळें फळहि कच्चें आणि जून फळहि कच्चेंच. या एका शब्दाच्या ढिलाईमुळें केवढा अन्याय होऊं शकतो, तें मला अलीकडे दिसून आलें.

आमचें मूळ गांव यावल तालुक्यांत. जळगांव जिल्ह्याच्या त्या भागांत केळ हें नुसतें पीक नाहीं, तें पंचांग आहे. मृगबागेचा पैसा कधीं हातीं येईल आणि कांदेबागेचा कधीं, यावरून आमच्या घरांतल्या लग्नांचे बेत ठरत. माझ्या आईची अक्षरओळख बेताचीच होती. परंतु घडाला बोट लावून ती त्याची अवस्था अचूक सांगे. केळें कोवळें असतांना त्याच्या अंगावर स्पष्ट धारा असतात. तें भरत जातें तसतशा त्या मोडतात आणि केळें गोल होतें. धारा मोडल्या म्हणजे घड जून झाला. मग तो उतरावयाचा आणि बंद खोलींत, पोत्यांखालीं, धुरी देऊन पिकवावयाचा. कोणी घाईनें कोवळा घड उतरला तर ती म्हणे, "याला काय पिकवणार? हा नुसता पिवळा होईल."

धुरीनें केळें कां पिकतें, हा प्रश्न तिला कधीं पडला नाहीं. मला तो बऱ्याच उशिरां पडला. धुरांत इथिलीन नांवाचा एक साधा वायु असतो आणि सारी करामत त्याची असते. १९३४ सालीं रिचर्ड गेन या इंग्रज शास्त्रज्ञानें हें सिद्ध केलें कीं, पिकणारें फळ स्वतःच हा वायु सोडीत असतें. एक नासका आंबा सारी आढी नासवतो, ही म्हण आपल्याकडे कितीतरी जुनी आहे. तिच्यांतल्या अनुभवाला रसायनशास्त्राची सही मात्र त्या सालीं मिळाली!

पुढची कथा जनुकांची आहे. फळाच्या पेशींत मेथिओनीन नांवाच्या द्रव्यापासून थोड्याशा पायऱ्यांनीं इथिलीन तयार होतें. त्यांतला महत्त्वाचा दुवा अॅडम्स व यांग यांनीं १९७९ सालीं शोधून काढला. यांतल्या शेवटच्या दोन पायऱ्यांसाठीं जीं विकरें लागतात, तीं बनविणारीं जनुकें जून केळ्यांत बहुतेक निजलेलीं असतात. बाहेरून इथिलीनची किंचित् झुळूक आली कीं तीं जागीं होतात. तीं जागीं झालीं कीं केळें स्वतः इथिलीन सोडूं लागतें. आणि त्या इथिलीननें तीं अधिकच जागीं होतात. एकदां हें चक्र फिरूं लागलें म्हणजे थांबत नाहीं. हिरव्या केळ्याच्या गराचा पांचवा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक भाग नुसता पिठूळ स्टार्च असतो. पिकल्यावर त्यांतला शेंकडा एक-दोन उरतो, बाकीच्याची बहुतेक साखर होते.

२०१२ सालीं केळीचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यांत आला. त्यांत ३६,००० हून अधिक जनुकें निघालीं. मनुष्यापाशीं सुमारें २०,००० आहेत. तेव्हां संख्येचा अभिमान आपण न धरलेला बरा. परंतु मला नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. आपल्या खाण्यांतल्या केळ्याला बीं नाहीं. खानदेशांतली जुनी बसराई घ्या कीं हल्लींची ग्रँड नैन घ्या, तिची वाढ मुनव्यांपासून, नाहींतर प्रयोगशाळेंत वाढविलेल्या रोपांपासून होते. म्हणजे साऱ्या बागेंत जनुकांच्या दृष्टीनें जवळजवळ एकच झाड उभें असतें. तरीहि त्या बागेंतलें एक केळें आज पिकतें आणि दुसरें आठ दिवसांनीं! दोघांचा वारसा एकच. फरक पडतो तो वयाचा, हवेचा आणि शेजाराचा.

याहून बोलका एक प्रयोग इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केला. पिकण्याची आज्ञा देणारीं केळीचीं दोन जनुकें त्यांनीं दाबून टाकलीं. केळीं पिकावयास फार वेळ लागला. जेथें दाब सर्वांत अधिक होता, तेथें इथिलीन मुळींच निर्माण झालें नाहीं. पण त्याच केळ्यांना बाहेरून इथिलीन देतांच तीं चारचौघांसारखीं व्यवस्थित पिकलीं. त्यांना फक्त स्वतः आरंभ करतां येत नव्हता.

मी चिंचवडांत राहतों. मोरया गोसावींची समाधि आणि चापेकर बंधूंचा वाडा यांचें हें गांव गेल्या साठ वर्षांत कारखान्यांनीं वेढलें गेलें. त्या कारखान्यांच्या आशेनें खानदेशांतून, मराठवाड्यांतून, विदर्भांतून माणसें आलीं आणि त्यांचीं मुलें आमच्या वर्गांत येऊन बसलीं. इंग्रजींत एक वाक्य बोलावयाचें झालें तर हीं मुलें घामाघूम होतात. मध्यंतरीं आमच्या शिक्षकांच्या बैठकींत अशी सूचना आली कीं, पहिल्या सहामाहींत जीं मुलें 'कच्चीं' ठरतील, त्यांना विशेष अभ्यासक्रमांतून वगळावें, म्हणजे निकाल सुधारेल. सूचना करणारे गृहस्थ सज्जन होते आणि निकालाची त्यांची काळजी खोटी नव्हती. पण कच्चीं म्हणजे कोणतीं, कोवळीं कीं जून? हें कोणीच विचारलें नाहीं, म्हणून मीं विचारलें. काहीं जण हंसले.

बापाच्या पाळीचें वेळापत्रक सांभाळून, धाकट्या बहिणीला शाळेंत पोंचवून, सकाळीं वर्तमानपत्रें टाकून जो मुलगा माझ्या तासाला येतो, त्याच्या धारा केव्हांच मोडलेल्या असतात. त्याला लागलेली नसते ती फक्त झुळूक. घरांत पुस्तक नाहीं, शेजारीं वाचणारा नाहीं. निजलेल्या जनुकांना जागें करावें कोणीं? उलट अशीहि मुलें मीं पाहिलीं आहेत कीं, ज्यांना शिकवण्यांच्या बंद खोल्यांत घालून अकालींच पिवळें केलेलें असतें. कॅल्शियम कार्बाइडनें फळें पिकविण्यास आपल्या कायद्यानें बंदी आहे, आणि इथिलीन वापरावयाचें तेंहि हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंतच. मुलांच्या बाबतींत असें प्रमाण कोणी ठरवून दिलेलें नाहीं.

रंगावर विसंबूं नये, हेंहि केळेंच सांगतें. चोवीस-पंचवीस अंशांहून अधिक उष्ण हवेंत पिकलेलें बसराईच्या जातकुळीचें केळें आंतून गोड होतें, पण साल नीट पिवळी होत नाहीं. उन्हाळ्यांत असलीं हिरवीं केळीं आमच्या गांवीं आवडीनें खातात. शहरांतलें गिऱ्हाईक तीं हातांतहि धरीत नाहीं.

शिक्षकाच्या हातीं किती थोडें आहे, हें या फळानें मला शिकविलें. घड भरावयास महिने लागतात, आणि तें काम मातीचें, पाण्याचें व घरच्या माणसांचें. आमच्याकडे उरते ती शेवटची झुळूक. पण ती न मिळाली तर महिन्यांची मेहनत पिठूळच राहते. सूचना बहुमतानें पुढें गेली. मीं माझा विरोध लेखी नोंदविला आहे. वगळलेल्या मुलांचा तास शनिवारीं दुपारीं असतो आणि तो घ्यावयास कोणी राजी नव्हतें. निवृत्तीला मला अजून चार वर्षें आहेत. तो तास मीं मागून घेतला आहे.