नेत्रचिकित्सा सहायकाचे काम

रुग्ण नेत्रतज्ज्ञासमोर बसण्याआधी त्याची नजर मोजणे, चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्यांचा दाब पाहणे आणि शस्त्रक्रियेची पूर्वतयारी करणे ही नेत्रचिकित्सा सहायकाची कामे होत. भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून हे पद ग्रामीण भागापर्यंत पोहोचले. त्यासाठी दोन वर्षांचा प्रमाणित अभ्यासक्रम असतो. निदान आणि शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टरांचा. पण तो निर्णय सहायकाने केसपेपरवर लिहिलेल्या आकड्यांवर उभा असतो. म्हणून आकडा खरा असणे हा या कामाचा पहिला धर्म आहे, असे प्रस्तुत लेखिकेला ग्रामीण रुग्णालयातील नोकरीत दिवसेंदिवस पटत गेले.

नजर ६ मीटरवरून, एकेक डोळा झाकून मोजतात. डोळा तळहाताने हलकेच झाकावा लागतो. दाबला तर त्याची नजर काही वेळ धूसर होते, आणि बोटांनी झाकला तर फटीतून दिसते. वरचे मोठे अक्षरही वाचता आले नाही, तर बोटे मोजायला सांगतात, मग हाताची हालचाल आणि शेवटी उजेड जाणवतो का ते पाहतात. २०१७ पासून भारतात चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असल्यास अंधत्व मानले जाते; त्यामुळे ३ मीटरवरून बोटे मोजता आली की नाही, ही नोंद फार महत्त्वाची असते. बारीक छिद्रातून पाहिल्यावर नजर सुधारली तर दोष बहुधा नंबरचा असतो. नाही सुधारली तर मोतीबिंदू, बुबुळ किंवा पडदा यांचा विचार करावा लागतो.

निरक्षर रुग्णांसाठी इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता असतो. “मला कुठं वाचायला येतंय, ताई?” म्हणत आजी संकोचतात. “आजी, वाचायचं नाही. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत, तेवढं हातानं दाखवा,” असे सांगितले की हात भराभर वळू लागतो. मागे उभा नातेवाईक मायेपोटी “वर, वर” असे पुटपुटतो. त्याला बाहेर बसवावेच लागते, कारण त्याच्या मदतीने वाढलेली नजर केसपेपरवर खोटी ठरते.

डोळ्यांचा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही. बाजूची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतरच्या रुग्णाचा दाब कितीही गर्दी असली तरी तपासावा. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी काचबिंदूची विचारपूस करतात, कारण डोळ्याचा कोन अरुंद असल्यास दाब एकदम वाढू शकतो. थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते, म्हणून दुचाकी चालवू नये असे बजावून सांगतात.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी बसवायच्या भिंगाची शक्ती काढतात. आधी बुबुळाची वक्रता, मग डोळ्याची लांबी, हाच क्रम पाळायचा. लांबी मोजणारा प्रोब डोळ्याला टेकल्यानंतर बुबुळाचे माप बिघडू शकते. प्रोब जास्त दाबला तर लांबी कमी भरते, आणि १ मिलिमीटरच्या चुकीने नंबरमध्ये सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. शस्त्रक्रियेपूर्वी अश्रुमार्गही तपासतात. अश्रुनलिकेत सलाइन सोडल्यावर रुग्ण “घशात खारट लागलं” म्हणाला की मार्ग मोकळा आहे असे समजते. पाण्याऐवजी पू उलटून आला, तर जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलतात.

या सगळ्या क्रमाला एक अपवाद आहे. डोळ्यात चुना, आम्ल किंवा अन्य रसायन गेलेला रुग्ण आला, तर केसपेपर आणि तक्ता बाजूला ठेवून आधी डोळा धुवायचा. सलाइन नसेल तर नळाचे स्वच्छ पाणी निदान १५ ते ३० मिनिटे सोडायचे. पापणी उलटून अडकलेले चुन्याचे कण काढायचे. चुना आत झिरपत राहतो, त्यामुळे इथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी काढून नजर मोजतात. थेंब कसे घालायचे ते नातेवाइकाला समोर करायला लावतात. बाटलीचे टोक पापणीला लागू नये आणि दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर असावे, हे समजावतात. दुखणे, लाली किंवा नजर कमी होणे जाणवल्यास लगेच परत यायला सांगतात. जखम भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, नंबर काढून चष्मा देतात.