पॉवर हाऊस

गेल्या महिन्यात आमच्या हापिसात सगळ्यांना एक मेल आली. टीममधल्या एका पोरीने रात्रभर जागून अडकलेली रिलीज मार्गी लावली होती. साहेबांनी तिचं कौतुक करताना लिहिलं होतं, 'शी इज अ पॉवरहाऊस'. बाकीच्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तारेचं कुंपण, गंजकं गेट, कवटीचं चित्र असलेली 'सावधान 11000 व्होल्ट' ही पाटी आणि आत कायम गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मर उभे राहिले. मी पाटणचा. आमच्याकडे कुणाला पॉवर हाऊस म्हटलं तर तो माणूस आधी विचारेल, "का, मी काय केलं?"

मग विकांताला दुसरा उद्योग नव्हता म्हणून या शब्दाच्या मागे लागलो.

इंग्रजीतली गोष्ट तशी सरळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'पॉवर हाऊस' म्हणजे जिथे यंत्रं चालवायची शक्ती तयार होते ती इमारत. ही शक्ती विजेचीच असली पाहिजे असंही नाही. गिरणीत एका खोलीत वाफेचं इंजिन किंवा पाणचक्की असायची आणि तिथून दांडे आणि पट्टे सगळ्या मागांपर्यंत जायचे. पुढे वीज आली. गंमत म्हणजे एडिसनने 1882 साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, त्याला लोक 'सेंट्रल स्टेशन' म्हणत. पॉवर हाऊस शब्द रुळवला तो बराचसा विजेच्या ट्राम आणि रेल्वेवाल्यांनी. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे 1904 साली सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी बांधलेलं पॉवर हाऊस एखाद्या राजवाड्यासारखं होतं, वर उंच धुराडी. असल्या इमारती रोज बघणाऱ्या माणसांना दांडग्या खेळाडूसाठी दुसरा शब्द कशाला सुचेल? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तगडा संघ, तगडा माणूस, पत्त्यांतला तगडा हात हे सगळे पॉवरहाऊस झाले. रेमंड स्कॉटने 1937 साली याच नावाची धून बांधली. जुन्या अमेरिकन कार्टूनमध्ये कारखान्याचा पट्टा सुरू झाला की जे धडधडतं संगीत वाजतं ना, तेच ते. जोसेफ पिलाटिस या व्यायामवाल्याने पोट-कंबरेच्या स्नायूंना पॉवरहाऊस म्हटलं, त्यामुळे आता जिममध्येही सुटका नाही. आणि 1957 साली फिलिप सिकेविट्झ या जीवशास्त्रज्ञाने एका लेखाच्या मथळ्यात तंतुकणिकेला 'पेशीचं पॉवरहाऊस' म्हटलं. ते जगातल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ आहे. बाकीचं जीवशास्त्र विसरलं तरी.

म्हणजे इंग्रजीत शब्द जसजसा पुढे गेला, तसतसं 'हाऊस' गळून पडलं आणि उरली नुसती पॉवर.

मराठीत सरकारी भाषेने त्याचं 'वीजगृह' केलं. चांगला शब्द आहे, नेमका आहे. पावसाळ्यात आमच्याकडच्या पेपरात रोज असतो: कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक विसर्ग सुरू. पण या शब्दाला पंख फुटले नाहीत. सेहवागला कुणी फलंदाजीचं वीजगृह म्हणालं नाही. (पवनचक्कीचंही तेच. आमच्या वनकुसवड्याच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात, पण एकीनेही आजवर पायलीभर ज्वारी दळलेली नाही. असो.)

खरं पॉवर हाऊस मात्र आमच्याच डोंगरात आहे. म्हणजे डोंगराच्या पोटात, अक्षरशः. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे येते आणि हेळवाकपाशी काटकोनात वळून पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते. हेळवाकच्या जरा वर धरण बांधून पाणी अडवलं आणि ते नदीच्या वाटेने पूर्वेला न सोडता सह्याद्रीखालून बोगद्याने पश्चिमेला नेलं. तिथे चारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते खाली कोसळतं, पोफळीला खडकात कोरलेल्या गुहेतली टर्बाइनं फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. पहिलं यंत्र 1962 साली फिरलं. आता चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह धरून 1960 मेगावॅट.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. साहेबांच्या मेलमधलं पॉवरहाऊस चोवीस तास धगधगत असतं. कोयनेचं तसं नाही. पश्चिमेला वर्षाला 67.5 टीएमसी पाणीच वापरायचं, असा पाणीवाटप लवादाचा हिशोब आहे. एक जूनला वर्ष सुरू होतं आणि तेवढं पाणी पुढच्या मेअखेरपर्यंत पुरवायचं. म्हणून ही यंत्रं मुख्यतः गर्दीच्या वेळेसाठी राखून ठेवतात. सकाळ-संध्याकाळ राज्याची मागणी चढली की ती काही मिनिटांत सुरू होतात, उतरली की थांबतात. त्या रात्रभर जागणाऱ्या पोरीला खरंच पॉवरहाऊस करायचं असेल तर तिला आधी वर्षाचा कोटा ठरवून द्या आणि दुपारी झोपू द्या.

आता आजी. आजीचं माहेर शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली आहे. धरणाने कोयना खोऱ्यातली कितीतरी गावं उठली. कुणी वर डोंगरात सरकलं, कुणी सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडे गेलं. जमिनीच्या हक्कासाठी धरणग्रस्तांची आंदोलनं साठ वर्षांनंतरही चालू होती. 2018 साली माणसं कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती, त्यात नातवंडं-पतवंडं होती. आजी आंदोलनाला कधी गेली नाही. तिचा निषेध उच्चारात होता. ती 'पावरहौस' म्हणायची. आमच्याकडे बरेच जुने लोक तसंच म्हणतात, पण आजीच्या तोंडी त्याचा समास वेगळा सुटायचा. "त्येंची पावरची हौस झाली, आन् आमची घरं पाण्यात ग्येली." तिच्या लेखी त्या शब्दात हाऊस कुठे नव्हतंच. हौस होती. दुसऱ्या कुणाचीतरी.

मी लहान असताना हे ऐकून हसायचो. पण व्याकरण बघायला गेलं तर इंग्रजांनीही शब्दातलं घर घालवलं आणि आजीनेही घालवलं. फक्त तिला ते गेलेलं माहीत होतं.

तिसरा अर्थ आमच्या पिढीचा. घाटाखालचं पॉवर हाऊस आम्ही शाळेच्या सहलीशिवाय कधी बघितलं नाही. आम्हाला ठाऊक असलेलं पॉवर हाऊस म्हणजे गावाबाहेरचं उपकेंद्र, जिथे वीज तयार होत नाही, लांबून येते आणि वाटली जाते. हे नुसतं पाटणचं नाही. पुण्यात रास्ता पेठेत पॉवर हाऊस म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. तर या पॉवर हाऊसचं आमच्या आयुष्यातलं स्थान असं की लाईट गेली की तिथे फोन लावायचा. 2005 नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवा. बारावीचा अभ्यास, बाहेर मिट्ट काळोख आणि वडिलांचं वाक्य, "पॉवर हाऊसला विचारतो कधी यायचीय." विचारल्याने येत नसे, पण विचारलं जाई. ही वीज आपल्याच धरणाची आहे आणि ती आपल्याच घरात नाही, यात काही विचित्र आहे असं तेव्हा वाटलंही नाही. लाईट असते तेव्हा पॉवर हाऊस आठवत नाही. ते अंधारातच आठवतं.

गणपतीला गावी गेलो होतो. पुतणी आठवीत आहे, सेमीला. विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "काका, मायटोकॉन्ड्रिया पेशीचं पॉवरहाऊस म्हणजे तिथून लाईट घालवतात का?"

मी हसलो आणि नाही म्हणणार होतो. मग आठवलं की पेशी निकामी झाली की तिला संपवायचा इशाराही अनेकदा तंतुकणिकेतूनच सुटतो. तिच्यातून एक प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी स्वतःला पद्धतशीर मिटवून घेते. विज्ञानाला हे समजायला सिकेविट्झच्या लेखानंतर जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

"घालवतात," मी म्हटलं. "पण परीक्षेत लिहू नको."

"आणि फोन केला तर?"

"उचलत नाहीत."

"मग बरोबर आहे," म्हणाली आणि पेन्सिलीने समासात कुंपण काढायला बसली.