आधी तिच्या गोंडीत ऐकलं

धानोरा तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत पहिलीला येणारं जवळजवळ प्रत्येक मूल घरी गोंडी बोलतं. मी ब्रह्मपुरीकडची, झाडीबोली बोलत वाढलेली. गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली. पुस्तकातली मराठी या मुलांना परकीच. त्यामुळे एखादं मूल वाचनात मागे पडलं की कारण शोधावं लागत नाही, ते तयारच असतं: घरी गोंडी, मग मराठी येणार कुठून? बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. या एका मुलीला मात्र ते लागू पडत नव्हतं.

गोंडीच्या मूळ शब्दांत ख, घ, ध, भ असे महाप्राण फारसे येत नाहीत. म्हणून आमची पोरं ‘भात’ला ‘बात’ म्हणतात आणि तसंच लिहितात. ही चूक भाषेची. ती सगळ्यांची सारखी असते आणि मराठी कानावर पडत गेली की ओसरते. हिच्या चुका निराळ्या होत्या. सकाळी ओळखलेला ‘म’ दुपारी तिला अनोळखी वाटायचा. ‘कमळ’मधली तिन्ही अक्षरं सुटी बरोबर सांगायची, पण जोडून म्हण म्हटलं की भलताच शब्द यायचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांची सतत अदलाबदल. पहिली वेलांटी तर तिला छळायचीच. ‘दि’ म्हणताना तोंडातून आधी ‘द’ निघतो, पण कागदावर आधी वेलांटी भेटते. ‘दिवा’पाशी ती तिथेच थांबून राहायची. हीच मुलगी मोहाचं कुठलं झाड कुणाच्या घरचं, हे न चुकता सांगायची आणि एकदा ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसकट परत सांगायची.

मी अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना मदतीला घेतलं. त्या गावातल्याच, गोंडी बोलणाऱ्या. वर्गातल्या मुलांशी त्यांनी गोंडीतच खेळ मांडला: मी शब्द म्हणते, त्याचा पहिला आवाज सांगा, या तीन शब्दांतले कुठले दोन सारखे सुरू होतात ते सांगा. बाकीची पोरं हसत-ओरडत सांगू लागली. हिला सगळ्या शब्दांचे अर्थ ठाऊक होते, तरी शब्दातला आवाज सुटा करता येईना. स्वतःच्या आईच्या भाषेत येईना! मग प्रश्न मराठीचा नाही, हे मला तिथेच कळलं. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं: ऐकलेल्या शब्दाचे आवाज वेगळे करणं आणि ते अक्षरांना जोडणं मेंदूला जड जातं. बुद्धीशी त्याचा संबंध नाही.

तिच्या वडिलांना बोलावलं तेव्हा ते दाराशीच उभे राहिले. ‘‘मॅडम जी, पोट्टी हुशार हाये, मंग वाचत काऊन नाही? डोस्क्यात काई कमी हाये का?’’ मी म्हटलं, ‘‘काही कमी नाही जी. तिची वाचायची वाट वेगळी आहे, ती आपण शोधू. फक्त घरी मारू नका आणि शाळा सोडवू नका.’’ आजी मागे बसून ऐकत होती. तिला मदतनीस ताईंनी गोंडीत सगळं समजावलं. ते माझ्या सांगण्यापेक्षा जास्त पोहोचलं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आनंदवनामुळे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा लोकांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहेत. पण वाचनाची ही अडचण दिसत नाही, म्हणून ती आळसात जमा होते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. मात्र प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015मध्ये ‘डाली’ ही चाचणी आणली. तेव्हा ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी होती. गोंडी बोलणाऱ्या मुलीला मराठीतली चाचणी दिली तर तिचं मराठीच मोजलं जाण्याची भीती. आणि सहा ते आठ या दोन वर्षांत मुलं वाचायला शिकतात. तेवढा काळ नुसती वाट पाहणं मला पटणारं नव्हतं.

गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका आल्या, त्यांच्याशी बोलून आम्ही मुळाक्षरांचा क्रम बाजूला ठेवला. दिसायला एकमेकांपासून दूर असलेली अक्षरं आधी घेतली. ‘घ’ पक्का झाल्याशिवाय ‘ध’ दाखवायचाच नाही. अक्षर वाळूत बोटाने गिरवायचं, गिरवताना आवाज मोठ्याने म्हणायचा. डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावायची ही रीत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत 1930च्या दशकात बांधली. गिरवायला लागते ती फक्त वाळू. वाळू आमच्याकडे भरपूर. शब्दात जितके आवाज तितक्या मोहाच्या बिया मांडायच्या, एकेक बी सरकवत आवाज म्हणायचा, मग सगळ्या जवळ आणून शब्द. पुठ्ठ्याला खिडकी कापली, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसेल. सर्वांसमोर वाचायला लावणं बंद केलं आणि मूल्यमापन तोंडी घेतलं.

खरा बदल आजीच्या गोष्टीने झाला. आजीने सांगितलेली अस्वलाची गोष्ट मुलीने गोंडीत म्हटली, ताईंच्या मदतीने मी ती देवनागरीत लिहिली, ओळीत चार-पाच शब्द. वाक्यात पुढे काय येणार हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे सगळी ताकद अक्षरांवर लावता आली. तिने पहिल्यांदा सलग वाचलेलं पान गोंडीतलं होतं. मराठी त्यानंतर आली, हळूहळू. मोहाच्या हंगामात पहाटेपासून सगळं घर रानात असतं. त्या दिवसांत मागचं बरंच पुसलं जायचं आणि आम्ही पुन्हा वाळूपाशी यायचो.

आता ती तिसरीत आहे. वाचते, पण सावकाश. जोडाक्षराला अजून अडते. आठ वर्षांची झाल्यावर तिच्या तपासणीचा अर्ज केला आहे. माझी बदली कधीही होईल, म्हणून तिच्या वहीच्या पहिल्या पानावर नव्या शिक्षकांसाठी लिहून ठेवलंय: फळ्यावरून उतरवायला लावू नका, उत्तर तोंडी विचारा, ‘ध’ आणि ‘घ’ एका दिवशी घेऊ नका, आणि काही अडलं तर आधी मदतनीस ताईंना बोलवा.