तीन जेवणांची बाई

मराठीत गोचिडीची बदनामी जुनीच आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात ती येते तीच मुळी वाईट दाखला म्हणून: गायीच्या सडाशी राहून दूध सोडते आणि रक्त पिते. तेव्हापासून चिवट सावकार, खुर्ची न सोडणारा अध्यक्ष, लग्नघरी महिनाभर मुक्काम ठोकणारा पाहुणा, सगळ्यांना तिचंच नाव. मला हे पटत नाही. दूध तिच्या कामाचं नाही, तिची अंडी रक्तावरच पोसली जातात. आणि जी बाई अख्ख्या जन्मात तीनदा जेवते, तिला हावरी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

ही गोष्ट रानातल्या गोचिडीची. गोठ्यातली तिची चुलत बहीण वेगळी. ती एकाच गायीच्या अंगावर लहानाची मोठी होते, घर बदलत नाही. सह्याद्रीच्या उतारावर पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, राहणारी ही मात्र दर जेवणाला नवं घर शोधते. अंड्यातून निघते तेव्हा खसखशीपेक्षा लहान, पाय सहाच. उंदीर, पाखरू, वानर, जे मिळेल त्याच्या अंगावर पहिलं जेवण. मग खाली उतरायचं, कात टाकायची, आठ पायांचं व्हायचं. दुसरं जेवण, पुन्हा खाली, पुन्हा कात. तिसरं जेवण बहुधा गुराच्या अंगावर. ते झालं की टम्म फुगून ती जमिनीवर पडते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. जेवणाचे सगळे दिवस जोडले तरी फार तर तीन आठवडे भरतील. उरलेलं आयुष्य वाट पाहण्यात.

वाट पाहावी तर तिनेच. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या काडीवर चढायचं, मागच्या पायांनी धरून राहायचं, पुढचे दोन हवेत पसरायचे. तिला डोळे नाहीत. या पुढच्या पायांच्या टोकांशी एकेक बारीक खड्डा असतो, त्यातच तिचं सारं जग. तुमच्या श्वासातला कर्बवायू, अंगाची ऊब, घामाचा वास, सगळं तिथे कळतं. ती उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून डोक्यावर पडतही नाही. आपण घासून जातो आणि ती धरते. यात पाठलाग कुठे आला? आपणच तिच्या हातात जातो.

धरल्यावरही घाई नाही. कपड्यांतून चालत मऊ, उबदार, झाकलेली जागा शोधते: काख, जांघ, गुडघ्यामागची लवण, कानामागे, केसांच्या मुळाशी. मग कातडीला कापा घेऊन उलट्या काट्यांची सोंड आत घालते आणि स्वतःच्या लाळेने ती तिथे पक्की डकवते. त्याच लाळेत दुखू न देणारं आणि रक्त गोठू न देणारं रसायन असतं. डास चावला की हात आपोआप जातो. ही दिवसचे दिवस बसून राहते आणि पत्ता लागत नाही.

तिची एक उपेक्षा मात्र खरी आहे. चावऱ्या जिवामुळे सस्तन प्राण्यात रोग पसरतो हे पहिल्यांदा सिद्ध झालं ते गोचिडीवर, अमेरिकेतल्या गुरांच्या तापात. स्मिथ आणि किलबोर्न या संशोधकांनी ते 1893 मध्ये छापलं. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरिया दिसला तो 1897 साली. तरी शाळेच्या पुस्तकात मान डासालाच.

आपल्याकडे तिचं नाव मोठं झालं ते 1957 मध्ये. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, मागोमाग माणसं तापाने पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं तिथे गेली आणि एक नवाच विषाणू सापडला. आज त्या संस्थेला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतात आणि त्या रोगाला माकडताप. पुढे तो सह्याद्रीच्या कडेने वर सरकला. 2015 मध्ये गोव्यात सत्तरीला, 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला, पुढच्या वर्षी बांद्याकडे.

नाव माकडाचं, पण दोष त्याला देऊ नये. ते बिचारं आपल्याआधी मरतं. त्याचं अंग गार पडलं की त्यावरच्या गोचिडी उतरतात आणि तेवढा जमिनीचा तुकडा पेरल्यासारखा होतो. पहिल्या जेवणात मिळालेला विषाणू कात टाकल्यावरही अंगात राहतो आणि दुसऱ्या जेवणाला तिच्यासोबत येतो. त्या दुसऱ्या जेवणाच्या पंगतीत नेमके आपण सापडतो.

कारण तिचं पंचांग आणि कोकणचं पंचांग एकच. मोठ्या गोचिडी मृगाबरोबर हलू लागतात. पिल्लं पावसाळा सरता गवतावर घोसाने बसतात. आणि मधल्या वयाची, तिळाएवढी, माणसाला चावणारी पिढी थंडीपासून मेपर्यंत रानभर असते. नेमके हेच दिवस काजूचे. बोंडू पडतात, बी वेचायला घरची आणि मजुरीची बायामाणसं पहाटेपासून बागेत वाकलेली असतात. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, पातेरा गोळा करायचा तोही याच दिवसांत. बागेत दमून खाली टेकणाऱ्या शहरी पाहुण्याला तिथली म्हातारी हटकून सांगते, "अरे झिला, पातेऱ्यात बसा नको, गोचीड चढतली." आरोग्य खात्याच्या पत्रकाहून हे वाक्य मला नेमकं वाटतं.

बाकी वागणं सोपं आहे, फक्त रोज करावं लागतं. अंगभर कपडे, पायजम्याची टोकं मोज्यांत खोचलेली, उघड्या हातापायांना कीटक दूर ठेवणारं तेल. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, साबण लावून आंघोळ आणि अंग तपासणं. पाठ आणि मान दुसऱ्याने पाहायची. मेलेलं माकड दिसलं तर काठीनेही डिवचू नये, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावं.

आणि ती बसलेली सापडलीच तर? आपल्याकडे उपायांना तोटा नाही. कुणी रॉकेल ओततं, कुणी चुना थापतं, कुणी पेटती विडी टेकवतं. नखाखाली चिरडणारे तर घरोघरी. सगळे उपाय तिला डिवचणारे, आणि डिवचली की ती पोटातलं आपल्या अंगात सोडण्याची भीती. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, तिच्या फुगलेल्या पोटाला नव्हे तर कातडीलगत तोंडापाशी धरावं आणि न पिळता, न हिसडता सरळ वर ओढत राहावं. ती लगेच सुटत नाही. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर खणत बसू नये, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा आणि हात साबणाने धुवावेत.

मग तारीख लिहून ठेवावी. माकडताप आलाच तर बहुधा तीन ते आठ दिवसांत येतो, एकाएकी: सणकून ताप, डोकं फुटेल अशी वेदना, कधी नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात आणि विषाणूवर नेमकं औषध नाही, म्हणून लवकर दाखल होणं महत्त्वाचं. डॉक्टरला नुसतं 'ताप आलाय' सांगून भागत नाही. तो मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांच्या तपासण्या लिहील, आणि त्याचंही बरोबरच आहे. काजूच्या बागेत होतो, गोचीड चावली होती, हे आपणच सांगायचं.